टोचूचं चौथं पुस्तक

“वहिनी, आता पाचवी टोचू द्या,” वाटवेकाका म्हणाले आणि लगेच मान खाली घालून बशीतला चहा फुंकायला लागले.

आई ओसरीवर बालवाडीसाठी रंगीत कागदाची फुलं कातरत बसली होती. तिची कात्री थांबली नाही. “कशावर?”

“कशावरही. मदत करणं घ्या, स्वच्छता घ्या. मास्तर लोक रस्त्यात थांबवून विचारतात, पाचवं कधी येतंय म्हणून.”

“आणि चित्रं?”

हे आपण विचारायला नको होतं, असं आईच्याच चेहऱ्यावर दिसलं. वाटवेकाका प्रकाशक होते, कोल्हापूरहून एसटीने आले होते, आणि बोलण्यात कधी अडखळत नसत. त्या दिवशी अडखळले. “एक पोरगा आहे आमच्याकडं. हात चांगला आहे. आता मगदूम सरांसारखं... म्हणजे बघू की. शिकेल.”

माझा धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्याचं नाव बाहुबली, पण एवढं मोठं नाव त्या काटकुळ्या पोराला कुणी लावत नसे. सगळे बाहूच म्हणायचे. तो दुसरीत होता, मी सहावीत. तो पुढे आला, काकांची कपबशी दोन्ही हातांनी नीट उचलली आणि म्हणाला, “काका, थोडं थांबलं तर चालणार नाही?”

“कशाला रे बाळ?”

“चित्रांसाठी.”

काकांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. “किती समजूतदार आहे हो हा,” ते आईला म्हणाले. बाहू कपबशी घेऊन मोरीकडे गेला आणि न सांगता ती विसळून पालथी घालून आला.

त्या वर्षी हे वाक्य आमच्या घरात वरचेवर ऐकू यायचं. जो यायचा तो जाताना म्हणायचा.

आम्ही मिरजेत किल्ल्याच्या मागच्या अंगाला राहायचो. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि अंगणाला लाकडी फाटक. अण्णा, म्हणजे आमचे वडील भूपाल मगदूम, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि आई बालवाडी चालवायची. बालवाडीतली पोरं एकमेकांना चावायची, एखादं दप्तराला मिठी मारून कोपऱ्यात बसायचं, एखादं दुसऱ्याचा डबा खाऊन नाही म्हणायचं. आई ते सगळं अण्णांना सांगायची. सूर्य मावळायच्या आत जेवायची आमच्या घरची रीत होती. त्यामुळे संध्याकाळी घरात वेळच वेळ असायचा आणि त्या वेळात टोचू जन्माला आली.

टोचू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. ती खुशीत असली की तिचे काटे अंगावर निजलेले असायचे. रागावली की ताठ उभे राहायचे, घाबरली की नुसते थरथरायचे. आई गोष्ट लिहायची आणि अण्णा बोरूने एकेक काटा काढायचे. पहिल्या पुस्तकात टोचूला राग येतो, दुसऱ्यात भीती वाटते, तिसऱ्यात ती माफी मागते. बालवाडीतल्या पोरांना ती इतकी आपली वाटायची की कुणी रुसलं तर बाकीची ओरडायची, “बाई, ह्याचे काटे बघा उभे राहिलेत!”

पुस्तक तपासायचं काम आमच्याकडे असायचं. आई वाचायची, आम्ही चटईवर पालथे पडून ऐकायचो.

“इथं जरा कंटाळा आला,” बाहू बेधडक सांगायचा.

“कुठं?”

“टोचू फार शहाण्यासारखं बोलतीय तिथं.”

अण्णा मोठ्याने हसायचे. “काढून टाक ते पद्मा. परीक्षकांचा निकाल लागला.” आई खोटं खोटं रागवायची आणि ओळ खोडायची.

चौथं पुस्तक त्यांनी एका उन्हाळ्यात केलं, ‘टोचू वाट बघते’. तिची आई कंदमुळं आणायला डोंगरापलीकडे जाते. टोचू आधी थयथयाट करते, दारातली माती उकरते, जेवण लाथाडते. मग तिला कासव भेटतं. ते सांगतं, वाट बघायचीही एक रीत असते. मग टोचू जेवते, घर आवरते, रडत नाही, हट्ट करत नाही, आणि उंबऱ्यावर शांत बसते. शेवटच्या पानावर डोंगराच्या कडेला आईचे काटे दिसतात आणि खाली ओळ असते: ‘जो शहाण्यासारखी वाट बघतो, त्याचं माणूस परत येतंच.’ त्या पानासाठी अण्णांनी बाहूला पायरीवर हनुवटीखाली हात घेऊन बसवलं होतं. तो सारखा हलायचा. शेवटी अण्णांनी त्याला लिमलेटची गोळी दिली, तेव्हा चित्र झालं.

पुढच्या भाद्रपदात, गणपती उठल्यावर, अण्णा वर्गात फळ्यावर बैल काढता काढता खाली बसले. तिथून त्यांना दवाखान्यात नेलं. आम्हा दोघांना शेजारच्या मालूकाकूंकडे ठेवलं होतं. घरी परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. घर नातेवाइकांनी भरलं होतं. कुणीतरी बाहूला मांडीवर घेऊन म्हणालं, “अण्णा लांब गावाला गेलेत हं बाळा. शहाण्यासारखं राहायचं. आईला त्रास द्यायचा नाही.”

मी अकरा वर्षांची होते. मला कळलं होतं, आणि त्यालाही कळलं असणार असं मी धरून चालले. त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आईने अण्णांच्या टेबलावर चादर टाकली. सुतक फिटल्यावर ती बालवाडीत जायला लागली. मी तिला एकदाही रडताना पाहिलं नाही. जेवताना कधी मी बोलून गेले, “अण्णांना ही आमटी...” की ती उठून पाणी आणायला जायची. तांब्या भरलेला असला तरी जायची. हळूहळू मी त्यांचं नाव काढायचं सोडून दिलं.

बाहू मात्र बदलला. आधी तो ताटात भाजी दिसली की तोंड वाकडं करायचा, आंघोळीला पळवावं लागायचं, चप्पल एक इथे तर एक गल्लीत. आता सांगायच्या आत आंघोळ व्हायची, कारल्याची भाजीसुद्धा निपटून खायचा. चपला भिंतीला लावून ठेवायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन, केस विंचरून तो फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसायचा आणि दिवे लागले की आत यायचा. कुणी विचारलं काय करतोस, तर म्हणायचा, “बसलोय.”

“बापाविना पोर, पण कसं गुणाचं आहे बघा,” मालूकाकू म्हणायच्या. शाळेतल्या तोडकरबाई दुसरीचा वर्ग घ्यायच्या. एकदा बाजारात त्या आईला भेटल्या. “मगदूमबाई, तुमच्या मुलाचं मी इतरांना उदाहरण देते,” त्या म्हणाल्या. “मी वर्गात नसले तरी हा जागचा हलत नाही. पुस्तकातलं घरात उतरलंय हो तुमच्या!” आई हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

दिवाळीला शिरोळहून मामा आम्हाला न्यायला आला. फराळ तिकडेच, असं त्याने आणि आईने ठरवलं होतं. सामान बांधून झालं, आणि बाहू म्हणाला, “तुम्ही जावा. मी इथंच थांबतो.”

“एकटा?” मामा हसला. “अरे फटाके आणलेत तुझ्यासाठी.”

“मालूकाकू आहेत की शेजारी.”

“बाहू, हट्ट नाही करायचा,” आई म्हणाली.

ती असं म्हणताच त्याचा चेहरा कावराबावरा झाला. “हट्ट नाही करत,” तो घाईघाईने म्हणाला. “मी हट्ट करत नाहीये. फक्त थांबतो म्हणतोय.”

अखेर आम्ही कुणीच गेलो नाही. आई म्हणाली, यंदा दिवाळी करायची नाहीच आहे, मग इथं काय आणि तिथं काय. मामा जायला निघाला तेव्हा त्याची नजर भिंतीला टेकलेल्या अण्णांच्या सायकलकडे गेली. “पद्मा, ही गंजून चाललीय बघ. मी नेतो. शेताकडं जायला होईल.”

मामाने सायकलचं हँडल धरला. तेवढ्यात बाहू धावत आला आणि त्याने मागचं कॅरियर दोन्ही हातांनी पकडलं.

“नको मामा. लागेल.”

“कुणाला लागेल रे?”

बाहूने पकड आणखी घट्ट केली. ओरडला नाही, रडला नाही, कॅरियरही सोडलं नाही. त्याची बोटं पांढरी पडली होती.

“राहू दे दादा,” आई म्हणाली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बाहू रोज एका फडक्याने ती सायकल पुसायला लागला.

थंडीत आईने पाचव्या पुस्तकाचा मजकूर लिहून काढला. टोचू मदत करते. मुंग्यांचं वारूळ वाहून जातं आणि टोचू त्यांना नवं बांधून देते. रिवाजाप्रमाणे तिने आम्हाला वाचून दाखवलं.

“छान आहे,” बाहू म्हणाला.

“कुठं कंटाळा आला?”

“कुठंच नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी धीर करून विचारलं, “आई, टोचूला वाईट वाटतं, असं पुस्तक का नाही लिहायचं?”

“मुलांना वाईट वाटायचं शिकवावं लागत नाही, अंजू,” ती म्हणाली आणि कागद जुळवून ठेवले.

जानेवारीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तोडकरबाईंनी एक नवी टूम काढली. टोचूच्या लेखिकेने स्वतः गोष्ट वाचून दाखवायची, मग मुलांनी प्रश्न विचारायचे. आईने बरेच आढेवेढे घेतले, पण बाई ऐकेनात.

सभागृह म्हणजे मधली दारं काढून एक केलेले तीन वर्ग. मुलं सतरंजीवर, पालक मागे बाकांवर, आणि पुढे टेबलामागे मुख्याध्यापक, तोडकरबाई आणि आई. आईने फिकट जांभळी साडी नेसली होती. तिने ‘टोचूला राग येतो’ बाहेर काढलं तशी पोरं ओरडायला लागली, “ते नको! ते पाठ आहे! वाट बघते! वाट बघते!”

आईने तोडकरबाईंकडे पाहिलं. “वाचा की,” बाई म्हणाल्या. “मुलांची मागणी आहे.”

आई फार सुंदर वाचायची. टोचूचा आवाज बारीक आणि चिरका, कासवाचा संथ, नाकातला. टोचू जेवण लाथाडते तिथे तिने पाय आपटला, पोरं खदखदून हसली. कासव बोलायला लागलं तसं सगळं सभागृह चिडीचूप झालं. मी पहिल्या ओळीत बाहूच्या शेजारी बसले होते. तो तिच्याबरोबर ओठ हलवत होता. एकेक शब्द त्याला पाठ होता. शेवटची ओळ आली तेव्हा पुस्तकातलं वाक्य सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटलं. टाळ्या झाल्या.

“आता प्रश्न,” तोडकरबाई म्हणाल्या. “हात वर करायचा आणि उभं राहून बोलायचं.”

चौथीतल्या एकाने विचारलं, साळिंदर चावतं का. एका मुलीने विचारलं, कासवाचं नाव काय. आई हसत हसत उत्तरं देत होती. मग माझ्या शेजारचा हात वर झाला.

“अरे वा, लेखिकेच्या घरातूनच प्रश्न!” तोडकरबाई म्हणाल्या. “विचार बाहुबली.”

बाहू उभा राहिला. हात मागे बांधले, शाळेत शिकवतात तसे. “आई, किती दिवस वाट बघायची ते पुस्तकात लिहिलेलं नाही.”

मागे काही पालक हसले.

“टोचू एकच दिवस थांबली,” तो म्हणाला. “मी गणपतीपासून थांबलोय. मी रडलो नाही. हट्ट केला नाही. डबा रोज संपवला. सायकल मामा नेत होता ती पण मी राखली. रोज बसतो फाटकाजवळ. अजून काय करायचं राहिलंय? कासवानं आणखी काही सांगितलंय का?”

हसणारे गप्प झाले. तोडकरबाईंच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते कसं आवरायचं हे त्यांना कळत नव्हतं. मला एकदम फाटकाजवळचा दगड दिसला, विंचरलेले केस दिसले, भिंतीला लावलेल्या चपला दिसल्या. मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातलं पुस्तक अजून शेवटच्या पानावर उघडं होतं.

“छान प्रश्न आहे हं,” तोडकरबाई उठून उभ्या राहिल्या. “याचं उत्तर आपण नंतर... मुलांनो, एकदा जोरदार टाळ्या...”

“बाई, थांबा,” आई म्हणाली.

ती टेबलाला वळसा घालून आली आणि सतरंजीवर बाहूसमोर गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज हळू होता, पण सभागृहात इतकी शांतता होती की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असणार.

“बाहू, अण्णा येणार नाहीत.”

“कधी?”

“कधीच नाही. अण्णा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. वारलेलं माणूस परत येत नाही.”

तो विचार करत राहिला. “माझं काही चुकलं म्हणून?”

“नाही रे राजा. तुझं काही नाही चुकलं. तू सगळं बरोबर केलंस.” तिने पुस्तक सतरंजीवर ठेवलं. “पुस्तकच चुकलं. मी चुकीचं लिहिलं. सगळ्यांची माणसं परत येत नाहीत. कितीही शहाण्यासारखं वागलं तरी येत नाहीत.”

मुख्याध्यापक खुर्चीवरून अर्धवट उठले. “मगदूमबाई, मुलांसमोर हे...”

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “आमचे आजोबा पण नाही आले.” तिसरीतली एक मुलगी आपली आपण उभी राहिली होती. तिच्या पलीकडचा मुलगा म्हणाला, “आमची म्हैस पण. तिला ट्रकनं उडवलं. मी गोठ्यात जाऊन बघायचो रोज.” कुणी हसलं नाही. आणखी एक जण म्हणाला, “माझी बहीण झाली होती, ती एकच दिवस होती.” त्याची आई मागच्या बाकावर होती. तिने पदर तोंडाला लावलेला मला दिसला.

बाहू हे सगळं ऐकत होता. मग त्याने आईच्या खांद्यावर एक गुद्दा मारला. आधी हळू, मग जोरात. “खोटं लिहिलंस!” तो ओरडला. “तू खोटं लिहिलंस! मी किती दिवस... मी कारलं खाल्लं!”

आणि तो रडायला लागला. रडणं कसलं, अंगातून काहीतरी उखडून यावं तसा तो ओरडत होता. आईला लाथा मारत होता, तिची वेणी ओढत होता. तोडकरबाई त्याला धरायला पुढे झाल्या, तसा आईने त्यांना हातानेच थांबवलं. “मारू दे,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, आणि मग तीही रडायला लागली. सगळ्या गावासमोर, सतरंजीवर बसून, पदर डोळ्यांना न लावता. मला काय करावं सुचेना. मी उठून त्या दोघांच्या अंगावर जाऊन पडले.

पुढे संमेलनाचं काय झालं, मला माहीत नाही. आम्ही टांग्यातून घरी आलो. बाहू हुंदके देत आईच्या मांडीवर आडवा पडला होता. टांगेवाल्याने घोडा सावकाश चालवला.

घरी आईने आमटीभात वाढला. बाहूने ताट ढकललं. “नको. मला ही आमटी आवडत नाही. कधीच आवडत नाही.”

“बरं,” आई म्हणाली. “अण्णांनाही नाही आवडायची. माझ्या समाधानासाठी खायचे बिचारे.”

तिच्या तोंडून त्यांचं नाव आलं तशी आम्ही दोघांनी मान वर केली. ती तिथेच, चुलीपाशी बसून बोलायला लागली. फळ्यावरचा बैल, त्याचं एक शिंग काढायचं राहिलं होतं. दवाखान्यात ती पोचली तेव्हा त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. तिने तो पदराने पुसला होता.

“त्यांना दुखलं का?” बाहूने विचारलं.

“मला माहीत नाही. मी नव्हते तिथं.”

“आम्हाला का नाही नेलंस?”

“मला वाटलं, तुम्हाला दाखवलं नाही तर तुम्हाला कमी लागेल.” तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. “मला स्वतःलाच बघवत नव्हतं.”

आम्ही विचारत राहिलो, ती सांगत राहिली. ज्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं, तिथे ती माहीत नाही म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात अण्णांबद्दल बोलणं सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन कोल्हापूरला वाटवेकाकांकडे गेली. छापखान्यात शाईचा वास भरून राहिला होता. काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

“वहिनी, तुमचं दुःख मला कळतं. पण इतकं चाललेलं पुस्तक. आजवर एकाही शिक्षकाची तक्रार नाही.”

“माझी आहे,” आई म्हणाली.

“अहो, लहान मुलांना आशा नको का द्यायला?”

“द्यायची. पण जी पुरी करता येत नाही ती देऊन त्याच्या बदल्यात शहाणपण मागायचं नाही. माझा मुलगा पाच महिने मुलगा नव्हता, काका. पाहुण्यासारखा राहत होता माझ्या घरात.”

काकांनी पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी कामगाराला हाक मारली आणि शेवटच्या पानाची जुळणी मोडायला सांगितली. नव्या आवृत्तीत अण्णांचं चित्र तेच राहिलं. खालची ओळ आईने तिथेच, छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या पेटीपाशी उभ्या उभ्या सांगितली: ‘टोचूची आई आली. टोचू आधी तिच्याशी भांडली, मग तिच्या कुशीत शिरली.’ शहाणपणाचा शब्द तिने काढून टाकला. ‘टोचूला वाईट वाटतं’ हे पुस्तकही तिने लिहिलं, पण त्याला दोन वर्षं लागली. त्या पुस्तकात कुणी कासव नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच फेब्रुवारीतली.

एक दिवस शाळा सुटल्यावर तोडकरबाई आमच्या घरी आल्या. आई वाळवणातल्या मिरच्यांचे देठ काढत होती. बाई ओसरीवर टेकल्या, पदर सावरला, पाणी प्यायल्या, आणि रिकामं भांडं हातातच फिरवत राहिल्या.

“बोला की बाई,” आई म्हणाली.

“तुम्हाला ऐकून बरं वाटणार नाही. पण सांगायला तर हवं.” बाई जरा पुढे सरकल्या. “बाहुबलीनं आज मधल्या सुट्टीत चव्हाणांच्या मुलाची पाटी फोडली. वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. कविता म्हण म्हटलं तर म्हणाला, मला येते पण म्हणायची नाही. आणि...”

“आणि?”

“मला बघून शिट्टी वाजवली.”

मी दारामागून ऐकत होते. आता बाहूचं काही खरं नाही, असं मला वाटलं. आईने हातातली मिरची सुपात टाकली. ती उठून आत गेली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग रवा भाजल्याचा वास. तोडकरबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खांदे उडवले.

थोड्या वेळाने आई बाहेर आली. तिच्या हातात बशी होती आणि बशीत गरम शिरा, वर वेलदोड्याची पूड. तिने ती बाईंच्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

“हे कशाबद्दल?” बाईंनी विचारलं.

“तोंड गोड करा बाई,” आई म्हणाली. “माझा मुलगा घरी आला.”